ऑस्टिओसार्कोमा आणि लांब नॉनकोडिंग आरएनए

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ओजीएस-12 उपचारक्रमात ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड देतात. तरी काही गाठी औषधांना दाद देत नाहीत. यामागे लांब नॉनकोडिंग आरएनएचा हात असू शकतो.

200हून अधिक न्यूक्लिओटाइडांच्या या आरएनएपासून प्रथिन बनत नाही. तो इतर जनुकांचे काम वाढवतो किंवा रोखतो. उदाहरणार्थ, ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींत ‘ओड्रुल’ एबीसीबी1 जनुकाची अभिव्यक्ती वाढवतो. त्याचे प्रथिन पंपासारखे डॉक्सोरुबिसिन पेशीबाहेर फेकते. शिवाय ओड्रुल मायक्रोआरएनए-3182ला स्पंजासारखा धरून ठेवतो; त्यामुळे एमएमपी2 हे विकर वाढते, पेशींभोवतीचे जाळे तुटते आणि पेशींना पसरायला वाट मिळते.

लक्षात ठेवा, हे निष्कर्ष प्रयोगशाळेतले आहेत; गाठीत ओड्रुल जास्त दिसला, एवढ्यावरून रुग्णाचे औषध बदलता येत नाही.