‘सवय झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला विचारा, ‘या खडखडाटाचा त्रास होत नाही का?’ उत्तर बहुधा येतं, ‘सवय झालीय.’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. त्या सुट्या करून पाहू.

पहिली मनाची. सतत येणाऱ्या आवाजाकडे मन लक्ष देणं सोडून देतं. ही खरी सवय.

दुसरी कानाची. आतल्या कानात अतिसूक्ष्म केशपेशी असतात. वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत होतं. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं निसटतात. मग माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ इथे गोंगाट कमी वाटतो तो सवयीने नव्हे, बहिरेपणाने!

तिसरी हृदयाची. मनाने दुर्लक्ष केलं तरी शरीर गोंगाटाला धोकाच समजतं. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल वाढतं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तिथल्या कामगारांविषयीची पाहणी प्रसिद्ध केली. कामाच्या जागी गोंगाट सोसलेल्यांत ऐकण्याच्या तक्रारींबरोबरच उच्च रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉलही जास्त आढळलं. आता संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा. पण वर सांगितलेली शारीरिक प्रक्रिया पाहता हा संबंध योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही.

आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे; नायॉश ८५ची शिफारस करते. डेसिबलचं गणित साधं नाही बरं का! तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. म्हणजे हा पाचाचा फरक किरकोळ नव्हे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने नोंदणीयोग्य रोग आहे. पण नोंद व्हायची तर आधी तपासणी व्हायला हवी.

म्हणून क्रम असा हवा: आधी यंत्राचा आवाज कमी करा, मग कामगाराचा त्या आवाजातला वेळ, आणि शेवटी कानात बोळे. दरवर्षी श्रवणचाचणी करा, सोबत रक्तदाबही मोजा.

कामगार ‘सवय झालीय’ म्हणतो तेव्हा मालकाला ती संमती वाटते. पण संमती द्यायची तर काय गमावतोय हे ठाऊक असावं लागतं. ते त्याला कुणी सांगितलंय का?