बेवारस कवट्यांची नोंदवही

परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात १९२६ पासून आणि भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात तर १८४५ पासून डॉक्टरांच्या पिढ्या घडत आल्या आहेत. या पिढ्यांचा पहिला गुरू म्हणजे हाडांचा संच. कवटी हातात घेऊन तिच्या तळाची छिद्रे ओळखावयाची, कोणत्या छिद्रातून कोणता मज्जातंतू बाहेर पडतो ते पाठ करावयाचे, जबड्यातील दाढांची मुळे न्याहाळावयाची, हा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा नित्यक्रम. वर्ष संपले की संच खालच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे जातो. ज्या माणसाची ती कवटी तो कोण होता, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी विचारला जात नाही.

मुंबईत या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानुसार बेवारस मृतदेह शिक्षणासाठी वैद्यकीय संस्थांच्या स्वाधीन करता येतात. बेवारस म्हणजे ज्यावर हक्क सांगावयास कोणी आले नाही, असा. ज्या शहरात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी लालबाग-परळच्या गिरण्यांत आयुष्य काढले, खानावळीत जेवण आणि गाळ्यात पथारी एवढाच ज्यांचा संसार होता, तेथे रुग्णालयातील अखेरच्या दिवशी उशाशी कोणी नसणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. देहदानाचा विचार अलीकडच्या काही दशकांत रुजला. त्यापूर्वी शरीरशास्त्राच्या शिक्षणाचा भार मुख्यतः या गरिबांच्याच देहांनी उचलला. परदेशी महाविद्यालयेही दीर्घकाळ भारतीय हाडांवर अवलंबून होती. त्या व्यापाराचे केंद्र कलकत्ता होते आणि १९८५ साली केंद्र सरकारने निर्यातबंदी केली तेव्हा तो कायदेशीर मार्गाने थांबला. त्या पेट्यांतूनही नावे गेली नव्हती, केवळ हाडे गेली.

दात हा मानवी देहातील सर्वांत टिकाऊ दस्तऐवज होय. हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा घडते. दाताचे कवच बालपणी एकदा तयार झाले की ते पुन्हा घडत नाही. ज्या गावच्या पाण्यावर आणि धान्यावर मूल वाढले त्या गावच्या मातीची रासायनिक खूण त्या कवचात राहते. बालपणीच्या मोठ्या दुखण्याची वा उपासमारीची रेघ त्यावर उमटते. पुढे मिश्री, तंबाखू, विडा यांचे डाग चढतात, भाकरीतील जात्याच्या कणांनी दाढा झिजतात. परळमध्ये मृत्यू पावलेला कामगार मूळचा कोणत्या मुलखाचा, त्याचे बालपण कसे गेले, हे त्याच्या दाढेतून आजही काही अंशी वाचता येईल. परंतु त्याचे वय, व्यवसाय, मृत्यूचे वर्ष यांपैकी काहीच नोंदलेले नसेल, तर या वाचनाचा ताळा कशाशी घालावयाचा?

नोंदीचे मोल काय असते ते पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील इनामगावकडे वळावे. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. घराच्या जमिनीखाली मातीच्या दोन कुंभांत पुरलेली अर्भके तेथे मोठ्या संख्येने सापडली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील जॉन लुकाच या संशोधकांनी त्यांच्या दातांचा अभ्यास केला. दुधाच्या सुळ्यांवरील खळग्यांवरून त्या बालकांच्या पोषणाचा आणि बदलत्या काळाचा संबंध तपासला. हे शक्य झाले, कारण प्रत्येक दफन कोणत्या चरात, कोणत्या थरात मिळाले हे लिहून ठेवलेले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अर्भकाला आपण चिठ्ठी लावली. पन्नास वर्षांपूर्वी रुग्णालयात वारलेल्या माणसाच्या कवटीला मात्र सहसा ती नसते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. कवट्यांच्या संग्रहांचा इतिहास फारसा उजळ नाही. डोकी आणि नाके मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचा उद्योग रिस्ले यांनी आपल्याकडे केला, त्यावर मुंबई विद्यापीठातील गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात त्याच आकड्यांच्या आधारे कठोर प्रहार केला. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे त्यापूर्वीच बर्लिनला गेल्या होत्या. गोऱ्या युरोपीयांची कवटी इतरांहून अधिक असमान असते, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि वंशाचा व असमानतेचा असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. परक्या देशात, आपल्याच परीक्षकासमोर एका विद्यार्थिनीने हे लिहावे, याला साधे धैर्य म्हणता येणार नाही. ज्या संग्रहांवर फिशर यांचे शास्त्र उभे होते त्यांत वसाहतींतून, मृतांच्या आप्तांना न विचारता आणलेल्या कवट्या होत्या, हेही विसरता कामा नये.

परंतु पुढे काय घडले? बर्लिनमधील जुन्या संग्रहांपैकी पूर्व आफ्रिकेतील सुमारे अकराशे कवट्यांचा माग तेथील संग्रहालय-प्रतिष्ठानाने काढला आणि २०२३ साली त्यांतील काहींचे हयात वंशज टांझानियात सापडल्याचे जाहीर केले. एका कवटीवर लिहिलेला ‘अकिडा’ हा शब्दही या शोधात कामी आला. लुटून आणलेल्या हाडाचीही घरवापसी शक्य होते ती चिठ्ठीमुळे. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने त्याच वर्षी चार्ल्स बर्न या अठराव्या शतकातील अतिउंच माणसाचा सांगाडा प्रदर्शनातून हलविला. आपला देह शल्यवैद्यांच्या हाती पडू नये, ही त्याची इच्छा ज्ञात होती, म्हणूनच त्याच्या बाजूने बोलता आले. बेवारसाच्या बाजूने काय बोलणार?

दंतवैद्यकाची स्थिती नेमकी उलटी आहे. नायर दंत महाविद्यालय १९३३ चे, शासकीय दंत महाविद्यालय १९३८ चे. पदवीशिवाय वर्षानुवर्षे हा व्यवसाय करणाऱ्यांची वेगळी नोंदणी १९४८ च्या कायद्याने मान्य केली. गिरगाव-दादरच्या जुन्या दवाखान्यांतून पायाने चालविण्याची दात कोरण्याची यंत्रे, कडक रबराच्या कवळ्या, रुग्णांच्या नावानिशी ठेवलेले जबड्यांचे प्लास्टरचे साचे असा ऐवज असे. दवाखाना बंद झाला की तो भंगारात जातो. तेथे नावे आहेत, पण राखणारा कोणी नाही.

खर्चाची सबब येथे चालण्यासारखी नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनी शरीररचनाशास्त्र विभागात संग्रहालय असतेच. हवी आहे ती एक नोंदवही, प्रत्येक कवटीला क्रमांक, संस्थेत येण्याचे वर्ष, ठाऊक असेल तेवढे वय, लिंग आणि मूळ गाव. नाव असल्यास ते संस्थेपुरते गुप्त. देहदात्यांचे अर्ज तर कपाटात असतातच. जुन्या पेट्यांची माहिती मात्र पुष्कळदा कागदावर नसते. कोणती पेटी केव्हा आली, हे विभागातील एखाद्या जुन्या सेवकालाच ठाऊक असते आणि तोही एके दिवशी निवृत्त होऊन गावी जातो.