पाण्याचा ताळेबंद

व्यापारी, जमीनदार व इतर उदार दात्यांस सविनय निवेदन.

दुष्काळपीडितांस धान्य व गुरांस चारा देणें हें कर्तव्यच होय. परंतु तेवढ्यानें पुढील अवर्षणाशीं गांठ पडल्यास बचाव होत नाहीं. हवामानबदलामुळें पाऊस अधिक लहरी होत आहे. अशा वेळीं गांवानें कसें टिकावें, हें अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार या पर्जन्यछायेंतील गांवानें दाखविलें आहे. १९९० नंतर तेथील ग्रामस्थांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर समतल चर खणले व कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. व्यापारी शिल्लक पाहून खर्च करितो, तद्वत् हें गांव दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतें. प्रथम माणसें व गुरें, नंतर पिकें. पाऊस उणा तर पिकेंही कमी पाण्याचीं. एकाच्या खोल विंधनविहिरीनें शेजाऱ्यांच्या विहिरी आटतात, म्हणून शेतीसाठीं विंधनविहीर व उंसाची लागवड तेथें वर्ज्य केली आहे.

यास्तव दात्यांनीं देणगीचा कांहीं भाग चर, बांध व पर्जन्यमापकांसाठीं द्यावा. आणि जमीनदारांनीं आपल्या विहिरींचा उपसाही गांवाच्या हिशेबांत धरूं द्यावा. द्रव्याइतकीच या संमतीची गरज आहे.