एक बाई गायब करायची आहे

"मामा, गाडी पाहिजे होती तुमची. एका रात्रीपुरती."

"काहून बे?"

"एक बाई गायब करायची आहे."

भाचा मास कम्युनिकेशनला आहे, म्हणून मी पोलिसांना फोन केला नाही. त्यांच्या वर्गाला प्रकल्प मिळालाय: थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात करून दाखवायची. दोन मिनिटं, नावांच्या पाट्यांसकट. खून कोणी केला, का केला, हे सांगायची जबाबदारी नाही. अट एवढीच, की कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी गाजलेल्या थ्रिलरच्या सुरुवाती बघायच्या आणि वहीत टिपणं काढायची. भाच्याकडचा कूलर बिघडलाय आणि आमचा चालू आहे, एवढ्या एका गुणवत्तेवर आमचा हॉल अभ्यासकेंद्र ठरला. आठवडा झाला, पाच-सहा पोट्टे-पोट्ट्या येतात, सिनेमा लावतात, दहाव्या मिनिटाला बंद करतात, दुसरा लावतात. "या घरात शेवट कोणी बघतच नाही का?" असं विचारून बायको थकली. 'इत्तेफाक'मधला खुनी कोण, हे तिला अजून कळलेलं नाही.

मीही कूलरच्या निमित्तानं टेकलो. आणि ध्यानात आलं, की जगात नावाजलेल्या कितीतरी सुरुवाती अडचणीतून आणि जुगाडातून जन्मल्या आहेत. 'बजेट नाही' म्हणून तोंड पाडून बसलेल्या पोरांना ही बातमी फारच मानवली.

दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं

हिचकॉकचा 'सायको' (१९६०) एखाद्या पंचनाम्यासारखा सुरू होतो. शहर फिनिक्स, वार शुक्रवार, तारीख ११ डिसेंबर, वेळ दुपारी २ वाजून ४३ मिनिटं. पडद्यावर रीतसर अक्षरं उमटतात. बघणाऱ्याला वाटतं, या तारखेत नक्की काहीतरी गूढ दडलंय. दडलेलं एवढंच, की फिनिक्सच्या रस्त्यांवरून चित्रीकरण करून आलेल्या तुकडीच्या फिल्ममध्ये नाताळची सजावट दिसत होती. पुन्हा माणसं पाठवण्यापेक्षा डिसेंबरची तारीख टाकणं सोपं पडलं! शहरावरून तरंगत येऊन थेट हॉटेलच्या खिडकीशी पोचणारा एकच अखंड शॉट हिचकॉकना हवा होता. हेलिकॉप्टरमधून घेतलेली फिल्म थरथरलेली निघाली, तेव्हा तुकडे एकात एक विरघळवून काम भागवलं.

"म्हणजे आपल्या शॉटमध्ये मागून मारबतीची मिरवणूक गेली तर?" एकानं विचारलं.

"तर पाटी टाकायची, 'तान्हा पोळा, सकाळी ११'," वहीवाली पोट्टी मान वर न करता म्हणाली. हिच्या हाती दिग्दर्शन द्यावं, असं माझं मत त्याच क्षणी झालं.

बोलू नको, ओठ हलव

ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची (१९५८) सुरुवात आम्ही चार वेळा बघितली. दोन हात टाइमबॉम्बचा काटा फिरवतात. बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत जातो. जोडपं येऊन गाडीत बसतं. कॅमेरा छपरांवरून उडतो, खाली उतरतो, गाडीपुढे चालतो, मागे राहतो. मध्ये बकऱ्या आडव्या येतात, नवविवाहित नायक-नायिका गाडीच्या बरोबरीनं चालत राहतात. कुठेही कट नाही. साधारण तीन मिनिटं वीस सेकंद. मग धडाम.

हे झालं कौतुकाचं. पडद्यामागची गोष्ट अशी, की शॉट सरहद्दीच्या चौकीशी पोचायचा आणि तिथला अंमलदार झालेला नट नेमका आपलं वाक्य विसरायचा. की पुन्हा सगळं पहिल्यापासून: बॉम्ब, बकऱ्या, बायको. अखेर वेल्सनी त्याला सांगितलं, बाबा रे, बोलू नको, नुसते ओठ हलव. आवाज नंतर भरू. सिनेमात राहिलेल्या टेकमध्ये मागचं आकाश उजळत आलेलं दिसतं. रात्र संपली होती, आणखी एक टेक घ्यायला अंधारच उरला नव्हता. एवढं करून स्टुडिओनं त्या शॉटवर नावं आणि संगीत चढवलं. वेल्सनी ५८ पानांचं टिपण लिहून आपलं म्हणणं मांडलं. त्याबरहुकूम सिनेमा पुन्हा जुळवला गेला १९९८ साली, वेल्स जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. आता तिथे नावं नाहीत, फक्त रस्त्याचे आवाज आहेत. या शॉटमध्ये चालणारी नायिका जॅनेट ली, म्हणजेच 'सायको'त न्हाणीघरात मारली जाणारी ती.

पोरांनी असा अखंड शॉट आपल्या नागपूरच्या इतवारीत घ्यायचं ठरवलं होतं. इतवारीच्या बाजारात तीन मिनिटं कुणाचा धक्का न लागता चालून दाखवा, कॅमेऱ्याशिवाय. तोच थ्रिलर आहे.

झाडलेली पानं पोत्यात

'जॉज'चा (१९७५) यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा रुसायचा. त्याचं नाव ब्रूस, दिग्दर्शक स्पीलबर्गच्या वकिलाचं. तो पुरता दिसायला सिनेमाचा तासभर उलटून जातो. पहिल्या दृश्यात तर शार्क नाहीच. पोहणाऱ्या बाईला दोऱ्या बांधून दोन्ही बाजूंनी ओढलंय, बाकीचं आपण आपल्या डोक्यात बघतो.

'हॅलोवीन'ची (१९७८) सुरुवात खुन्याच्या डोळ्यांनी दिसते, आणि शेवटी कळतं की तो सहा वर्षांचा पोरगा आहे. सुरी धरणारा तो चिमुकला हात? निर्माती डेब्रा हिल यांचा. कथा ऑक्टोबरातली, चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात. मग पानगळ कुठून आणायची? रंगवलेली पानं रस्त्यावर पसरली, आणि शॉट झाला की पुढच्या शॉटसाठी झाडून पोत्यात भरली. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला मार्चमध्ये हाच माल फुकट मिळतो.

'मेमेंटो' (२०००) सुरू होतो तो हातात धरलेल्या पोलरॉइड फोटोनं. फोटो हलवतात तसा तो उमटायच्या ऐवजी पुसट होत जातो. सगळं दृश्य उलटं चालतं. हे मोबाइलवर एका बोटानं जमतं, असं कळल्यावर पुढचे दोन दिवस आमच्या घरात सांडलेला चहा कपात परत जात होता.

नागपूर कुठाय?

पाचव्या दिवशी मी वही मागितली. अमेरिका, अमेरिका, कोरिया, अमेरिका. म्हटलं, "पोट्टेहो, गावाकडे कधी येणार?" सगळे गप. मग मामानं तोंड उघडलं.

सुभाष घई जन्मले नागपुरात, १९४५ साली. त्यांच्या 'कर्ज'मध्ये (१९८०) राज किरणनं साकारलेला रवी वर्मा मालमत्तेचा खटला जिंकतो, प्रेमात पडतो, लग्न करतो आणि नवी नवरी त्याला काली मंदिराच्या वाटेवर जीपखाली चिरडते. पिक्चर अजून जेमतेम सुरू झालाय! ऋषी कपूर यायचाय, गाणी यायचीत. नायक आधी मारायचा आणि मग कथा सुरू करायची, हा हिशेब भल्याभल्यांना जमलेला नाही. त्या जीपच्या स्टिअरिंगवर सिमी गरेवालचा चेहरा बघा. काहीच करत नाही ती, म्हणून भीती वाटते.

दुसरं, 'तुंबाड'. बघणारे तो कोकणातला समजतात, आणि गाव आहेच कोकणातलं. पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय, की १९९३ साली नागझिऱ्याच्या सहलीत एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि ते टरकले. बीज तिथलं. नागझिरा म्हणजे भंडारा-गोंदियाचं जंगल, आपल्या गाडीनं सकाळी निघून जेवायला परत यावं इतकं जवळ. सिनेमा आला २०१८ मध्ये. म्हणजे एका रात्रीच्या भीतीला पडद्यावर पोचायला पंचवीस वर्षं लागली. २०२४ मध्ये तो पुन्हा थेटरात लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. सुरुवात बघा: देवीच्या गर्भातला सोन्याचा हव्यास, मग पाऊस, वाडा, आणि साखळीनं बांधलेली आजी. आजी दाखवायची घाई कुठेही नाही.

तिसरं नाव ऐकून पोरं चमकली. 'कोर्ट' (२०१४). थ्रिलर नाही, मान्य. पण त्यातले शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपूरचे. २०२१ मध्ये करोनानं गेले. म्हातारा मुलांची शिकवणी घेतो, बसनं जातो, मंचावर गातो, आणि पोलीस येऊन त्याला घेऊन जातात. कॅमेरा लांब, जागचा हलत नाही, संगीत ठणठणत नाही. छातीत मात्र धस्स होतं. कॅमेरा हातात घेऊन गदागदा हलवला की थ्रिल येतं, असं समजणाऱ्यांनी हे रोज सकाळी उपाशीपोटी बघावं.

आणि एक मराठी गोष्ट, जी ठाऊक असलीच पाहिजे. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये 'इदय कमलम' झाला आणि १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया'. रीमेक मुंबईहून मद्रासला जातात किंवा तिकडून येतात, एवढंच ऐकलेल्या पोरांना मराठी सिनेमा उधार देतो, हे नवीन होतं.

'मेरा साया'चे दिग्दर्शक राज खोसला. त्यांचाच 'वो कौन थी?' (१९६४), आणि इथेच आमच्या पोरांचं अडकलं. तुफान पाऊस, रात्र, डॉक्टर गाडी चालवतोय. रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई. तो तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतो, काचेपलीकडचं काही दिसत नाही. पण तिला रस्ता दिसतो. उजवीकडे, डावीकडे, सांगत सांगत ती गाडी नेते कुठे, तर कब्रस्तानाच्या दारात. भूत नाही, रक्ताचा सडा नाही. भीती कशाची, तर बंद वायपरची. याच सिनेमातल्या 'नैना बरसे'चं चित्रीकरण ठरलं तेव्हा लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण झालेलं नव्हतं, म्हणून संगीतकार मदन मोहन यांच्याच आवाजावर साधनानं ओठ हलवले. जमलेल्या बघ्यांना हसू आवरेना: इतकी देखणी बाई आणि आवाज बाप्याचा!

बाकीचे झटपट. 'कानून'मध्ये (१९६०) आरोपी न्यायालयात उभा राहून विचारतो, की ज्या माणसाच्या खुनाची शिक्षा मी आधीच भोगून आलोय, त्याला आता खरंच मारलं, तर पुन्हा शिक्षा कशी द्याल? आणि तिथेच मरतो. 'अंधाधुन' (२०१८) कोबीच्या शेतातल्या सशापासून सुरू होतो. ससा विसरू नका, एवढंच सांगतो. मल्याळम 'दृश्यम' (२०१३) सुरू होतो, तेव्हा नायक नव्याकोऱ्या पोलीस ठाण्यात शांत बसलेला असतो. शेवट बघून झाल्यावर ही सुरुवात परत लावा. आमच्याकडे लावली, तेव्हा बायको हॉलमध्ये पहिल्यांदाच टाळ्या वाजवून गेली.

खरी सुरुवात वेगळीच

पोरांनी वहीत एक पान मात्र फार छान लिहिलं. महाराष्ट्रात सिनेमा कुठून सुरू होतो? २००३ पासून राष्ट्रगीतापासून. मग तंबाखूचे दुष्परिणाम, मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र, ज्यावर सिनेमाची लांबी लिहिलेली असते. म्हणजे नायक विसाव्या मिनिटाला खड्ड्यात पडला, तरी तो मरत नाही हे आपल्याला आधीच ठाऊक. अजून दोन तास शिल्लक आहेत. 'कर्ज' आणि 'सायको' नेमकं इथेच पायाखालची सतरंजी ओढतात.

आता मूळ मुद्दा. पोरांना 'वो कौन थी?'च्या वाटेवरचा पाऊस हवा आणि महिना मे. नागपुरात मे महिन्यात आभाळातून पडतं ते फक्त ऊन. टँकर परवडत नाही. मग कूलरचा पंप काढला, बादलीत बुडवला, पाइपला खिळ्यानं भोकं पाडली आणि माझ्या गाडीच्या काचेवर सोडला. सहा बारीक धारा आल्या. पाऊस नव्हे, गाय पिळल्यासारखं दिसत होतं. तासभर डोकी खाजवल्यावर वहीवालीनं कूलरची ताटीच काढून आणली. टपावर आडवी धरली, पाइप तिच्यावर सोडला. वाळ्यात पाणी मुरलं, पसरलं आणि खालून थेंबाथेंबानं सगळ्या काचेवर झरायला लागलं. तरी मोबाइलमध्ये काही दिसेना. पाऊस समोरच्या उजेडात कॅमेऱ्याला दिसत नाही, मागून उजेड लागतो. एकानं गाडीमागे स्कूटर उभी करून दिवा लावला आणि एकदम प्रत्येक थेंब चमकला. काचेतून ती पांढऱ्या साडीतली पोट्टी दिसली, तेव्हा ताटी धरणाऱ्याचे हातच थांबले. वाळ्याचा वास साऱ्या गल्लीत सुटला होता; तो तेवढा सिनेमात येणार नाही.

"मामा, पण वायपर बरोब्बर त्याच वेळी बंद कसा पाडायचा?"

त्याची चिंता नको म्हटलं. माझ्या गाडीचा वायपर गेल्या पावसाळ्यापासूनच अर्ध्यात थांबतो.

चित्रीकरण शनिवारी रात्री आहे. तोवर आमच्या घरात कूलर नाही.