स्वस्त व्यसन आणि तिसरा रकाना

गेल्या वेळी आपण किंमत आणि मूल्य या दोन शब्दांतला फरक पाहिला. शेवटी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती, की हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण रोजच्या व्यवहारातलं एखादं उदाहरण घेऊन दाखवा. आज तसं एक उदाहरण घेतो. ते मी शोधलं नाही, ते माझ्याकडे फोनवरून चालत आलं.

माझा पुतण्या बर्मिंगहॅमला असतो. वीस वर्षं सिगरेट ओढत होता, रोजच्या दहा. दोन वर्षांपूर्वी ती सोडून त्याने वेप घेतलं, म्हणजे ती विजेवर चालणारी सिगरेट. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "काका, हिशेब केलाय. वर्षाला दोन हजार पौंड वाचतायत. तुम्ही तर तत्त्वज्ञानवाले, सांगा, मी वाचवतोय ना?" मी म्हटलं, "अरे, हिशेब पाठव, बघून सांगतो." ते 'बघून सांगतो' मला महागात पडलं, कारण दोन आठवडे मी त्यातच होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा सगळा हिशेब ब्रिटनचा आहे. आपल्याकडे तो करताच येत नाही. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात, सगळ्यावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा इथे कुणी चोरून विकत असेल तर त्याचा भाव हा बाजारभाव नव्हे, त्यात पकडलं जाण्याची भीतीही धरलेली असते. ब्रिटनमध्ये मात्र दोन्ही वस्तू उघड दुकानात मिळतात, दोन्हींची पावती मिळते. तुलना करायची तर तिथेच.

आता हिशेब बघा. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

तिथे वीस सिगरेटींचं पाकीट साधारण १५ पौंड धरू. ब्रँडप्रमाणे कमीजास्त होतं, महागडं असेल तर पुष्कळच जास्त. रोज दहा म्हणजे अर्धं पाकीट, साडेसात पौंड. वर्षाचे झाले सुमारे २,७४० पौंड. हा पहिला रकाना.

दुसरा रकाना वेपचा. इथे थोडं यंत्र समजून घेतलं पाहिजे. एक बॅटरी, एक छोटी टाकी आणि त्यात एक तारेचं वेटोळं, त्याला कॉइल म्हणतात. टाकीत द्रव भरायचा. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन असं त्याचं मिश्रण असतं. कॉइल तापली की द्रवाची वाफ होते, ती ओढायची. यात काही जळत नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे निकोटिनच्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसते आणि एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही.

पुतण्याची बाटली ४ पौंडांची आणि तीन दिवस पुरणारी. म्हणजे वर्षाला १२२ बाटल्या, ४८८ पौंड. कॉइल दर पंधरवड्याला बदलतो, ३ पौंडांची, वर्षाचे ७८. यंत्र २५ पौंडांचं. बेरीज ५९१. दोन हजार सातशे चाळीस आणि पाचशे एक्क्याण्णव! फरक सुमारे २,१५० पौंडांचा. पोराचं गणित बरोबर होतं.

पण आता त्यातले धागे उसवून बघू.

पहिला धागा. तोच द्रव दुकानात भरलेल्या पॉडमध्येही मिळतो. दोन मिलिलिटरचा एक पॉड ३ पौंडांना धरला, तर १० मिलिलिटरला झाले १५ पौंड. जी गोष्ट बाटलीत चार पौंडांना, ती इथे पंधराला. वर्षाचा खर्च १,८२५ पौंड. निकोटिन तेच, वाफ तीच, पैसे जातात ते न भरण्याच्या सोयीला. एकदा वापरून फेकायच्या वेपवर ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदी घातली, पण ही भरलेल्या पॉडची सोय आहेच. तेव्हा 'वेप स्वस्त' हे वाक्य अर्धवट आहे. कोणतं वेप, कोण भरतो, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरा धागा. पुष्कळ लोक सिगरेट सोडून वेप घेत नाहीत, सिगरेटीबरोबर वेप घेतात. समजा कुणी दहाच्या पाच केल्या आणि वेप मात्र पुतण्याइतकंच चालू ठेवलं. तर १,३७० अधिक ५९१, म्हणजे १,९६१ पौंड. बचत २,१५० वरून ७८० वर आली. आणि पाच सिगरेटींचा धूर छातीत चालूच.

तिसरा धागा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सिगरेट संपते. तिला शेवट आहे. पाच-सात मिनिटांत ती बोटांशी येते, आणि माणूस म्हणतो, झाली एक. म्हणजे वस्तूच मोजते. वेपला असा शेवट नाही. दोन झुरके टेबलाशी, तीन गाडीत, एक जिन्यात. मी पुतण्याला विचारलं, "दिवसात किती वेळा ओढतोस?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, बाटल्या मोजतो ना मी." बाटल्या मोजतो! पिणारा पेले मोजत नाही, बाटली मोजतो, तसंच झालं हे. एकक बदललं की हिशेब बदलतो आणि हिशेब करणाराही थोडा बदलतो.

चौथा धागा सरकारचा. ब्रिटनमध्ये सिगरेटच्या पाकिटाच्या किमतीत निम्म्याहून पुष्कळ जास्त भाग कराचाच असतो. वेपच्या द्रवावर मात्र विक्रीकराखेरीज वेगळा कर नव्हता. तिथल्या सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स असा नवा कर ठरवला. त्यावर वीस टक्के विक्रीकर धरला तर बाटलीमागे २ पौंड ६४ पेन्स. आपल्या पुतण्याच्या १२२ बाटल्यांवर ३२२ पौंड. एकूण ९१३. आणि गंमत बघा, त्याच दिवशी शंभर सिगरेटींमागेही २ पौंड २० पेन्सची वाढ ठरवली. का? तर सिगरेटवरून वेपवर जाण्याचा मोह पैशाच्या बाजूने टिकून राहावा म्हणून. म्हणजे या दोन किमतींतलं अंतर आभाळातून पडलेलं नाही. ते मुद्दाम राखलेलं आहे. राज्यसंस्था नागरिकाला दामातून सांगते आहे, की हे त्यापेक्षा बरं. किंमत हा इथे एक प्रकारचा उपदेश आहे.

तो उपदेश खरा आहे का? इथे तो 'जळत नाही' मुद्दा येतो. सिगरेटमधला घात मुख्यतः जळण्यातून होतो. डांबर, कार्बन मोनॉक्साइड, हे धुराचे घटक. वेपमध्ये ते ज्वलन नाही. म्हणून तिथली आरोग्यसेवा म्हणते, की ओढणाऱ्याने सिगरेटऐवजी वेप घेतलं तर नुकसान कमी. पण निर्धोक नाही, आणि जो ओढत नाही त्याने सुरू करू नये. २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने 'सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक' असा अंदाज मांडला, आणि त्यावर मोठा वाद झाला. तो आकडा तराजूत तोललेला नव्हता. तज्ज्ञांच्या अदमासावर उभा होता. आकडा दिसला की आपण मान डोलावतो. तो कुठून आला ते विचारायची सवय लावून घ्या.

आता सिगरेटच्या रकान्यात जे पैसे लिहिले नाहीत ते बघू. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाबद्दल विचारलं, आणि त्यांतल्या सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे पन्नास वर्षं घेतला गेला. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगरेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. आणि सोडली तर? साठाव्या वर्षी सोडली तर साधारण तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळजवळ दहाच्या दहा. हा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हात थोडा थरथरला. मी पन्नासाव्या वर्षी सोडली. म्हणजे मी सहाच्या रांगेत. सरासरी आहे ती, माझ्या नावाची पावती नव्हे, हे मला कळतं. पण आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुमच्यापुढे उभा आहे, तो कदाचित त्या सहातल्या एखाद्या वर्षात.

प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस' या संवादात सॉक्रेटिस नेमका हा प्रश्न घेतो. माणसाला हित कळतं, तरी तो सुखापुढे हरतो, असं लोक म्हणतात. सॉक्रेटिस म्हणतो, तो हरत नाही, तो मोजायला चुकतो. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. जवळचं सुख मोठं, लांबचं दुखणं चिमुकलं. मापनाची विद्या आली तर माणूस वाचेल. पुढे ॲरिस्टॉटलने यावर हरकत घेतली, की बरोबर मोजूनही माणूस घसरतो. आपल्याकडे कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय वेगळं करून दाखवतो. तिथेही मुद्दा निवडीचाच आहे. मला वाटतं दोघेही ग्रीक बरोबर आहेत. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं म्हणजे वळतंच असं नाही.

माझंच सांगतो. निवृत्तीनंतर घरातल्या जुन्या हिशेबाच्या वह्या चाळत होतो. दूध, वाणी, घरभाडं, पुस्तकं, सगळं माझ्या अक्षरात. सत्तावीस वर्षं सिगरेट ओढली, आणि 'सिगरेट' हा शब्द एकाही पानावर नाही. दर महिन्याला एक ओळ मात्र आहे, 'किरकोळ'. काही महिने ते किरकोळ पुस्तकांपेक्षा मोठं. मी वही बायकोला दाखवली. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी वाट बघत होते, तुम्ही कधी लिहिताय." तर्कशास्त्र शिकवणारा माणूस मी, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेतला प्रत्येक शब्द तपासायचो, आणि घरच्या वहीत एक खोटा शब्द सत्तावीस वर्षं चालवला.

म्हणून पुतण्याला मी लिहिलं, की तुझ्या हिशेबात चूक नाही, एक रकाना कमी आहे. पहिला रकाना सिगरेट, दुसरा वेप, आणि तिसरा शून्य. काहीच न ओढण्याचा. 'वाचले' हा शब्द नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. सिगरेटच्या तुलनेत तू २,१५० पौंड वाचवतोस, हे खरं, आणि ते चांगलंच आहे, मी तुझं कौतुक करतो. शून्याच्या तुलनेत तू वर्षाला ५९१ पौंड खर्च करतोस, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. कोणतं म्हणायचं ते तू कुठे उभा आहेस त्यावर आहे.

आणि घरात दुसरं कुणी असेल तर? त्याचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तिथे अठराखालच्यांना वेप विकणं गुन्हा आहे, पण मुलाच्या दप्तरात एक सापडलं. बापाने विचारलं तर म्हणाला, "तुम्हीच तर म्हणता, स्वस्त आहे आणि सिगरेटपेक्षा बरं." मित्रहो, मुलाचं तर्कशास्त्र कुठे चुकलं? बापाचा पहिला रकाना सिगरेट होता. मुलाचा पहिला रकाना शून्य आहे. बापाला जी बचत, ती मुलाला निव्वळ खर्च. एकच वाक्य एका तोंडी खरं आणि दुसऱ्याच्या तोंडी खोटं होऊ शकतं, ते असं.

शेवटी प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, "सर, मग तुमचा सल्ला काय, वेप घ्यावं की नको?" मी म्हटलं, सल्ला डॉक्टरांचा घ्या, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पण सिगरेट ओढणाऱ्याने घरी जाऊन वहीत तीन रकाने आखावेत, आणि 'किरकोळ' हा शब्द लिहू नये, एवढं सांगू शकतो.

गेल्या रविवारी पुतण्याचा फोन आला होता. म्हणाला, "काका, तिसरा रकाना भिंतीवर लावलाय. सध्या रिकामा आहे." मी म्हटलं, "रिकामाच असतो रे तो. त्यातच त्याची किंमत आहे."