प्लास्टिकचा परतीचा प्रवास

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, दम्मामच्या सातव्या विहिरीला १९३८च्या मार्चमध्ये भरपूर तेल लागलं आणि त्या वाळवंटी देशाचं नशीब पालटलं. याच किनाऱ्यावर उत्तरेला जुबैल हे उद्योगनगर आहे. तिथल्या ‘सॅटॉर्प’ रिफायनरीत २०२३मध्ये एक वेगळंच तेल आलं. ते विहिरीतून उपसलेलं नव्हतं, टाकाऊ प्लास्टिकपासून काढलेलं होतं! अरामको, टोटल एनर्जीज आणि साबिक या कंपन्यांचा हा संयुक्त प्रयोग होता.

प्लास्टिकचं तेल होतं कसं? पॉलिथिनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची लांबलचक साखळी. बंद भट्टीत, हवा लागू न देता, हे प्लास्टिक साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ऑक्सिजन नसल्यामुळे प्लास्टिक जळत नाही, साखळ्या तुटतात. निघालेली वाफ थंड केली की तेल मिळतं. पाच ते बारा कार्बनचे तुकडे पेट्रोलच्या जातीचे, त्याहून लांब डिझेलच्या, आणखी लांब मेणासारखे. अगदी छोटे तुकडे वायुरूपातच राहतात. तो वायू भट्टी तापवायला कामी येतो. याच प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात.

आपल्याला हे नवं नाही. नागपूरच्या अलका झाडगावकर यांनी दोन दशकांपूर्वीच असं इंधन बनवून देशाचं लक्ष वेधलं होतं. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या ‘रुद्र’ संस्थेने घराघरातून प्लास्टिक गोळा करून त्याचं इंधन केलं.

पण असं इंधन जाळलं की त्यातला कार्बन शेवटी हवेतच जातो. जुबैलचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो इथे. तिथे हे तेल गाडीच्या टाकीत न जाता साबिकच्या ‘पेट्रोकेम्या’ कारखान्यात गेलं आणि त्यापासून पुन्हा प्लास्टिक तयार झालं.

यातली खरी अडचण कचऱ्याच्या भेसळीची आहे. पीव्हीसीचा तुकडा भट्टीत गेला तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्रं खराब होतात. पाण्याच्या बाटलीच्या पीईटीतून तेल फारसं निघत नाही. तिचा धागा करणंच बरं. खरकटी, ओली पिशवी वाळवण्यातच ऊर्जा खर्ची पडते.

म्हणून दुधाची पिशवी धुवा, वाळवा आणि वेगळी ठेवा. भट्टी जुबैलची असो वा पुण्याची, तिचं काम आपल्या स्वयंपाकघरातूनच सुरू होतं.