प्रज्योतीखालचा निरोधक

मानोरा तालुक्यासारख्या ग्रामीण भागात 11 केव्हीच्या उघड्या तारा शेतशिवारांतून मैलोन्‌मैल जातात आणि त्यांच्या प्रत्येक खांबावर, तार व लोखंड यांच्यामध्ये, निरोधक म्हणजे इन्सुलेटर बसवलेला असतो. चिनी मातीच्या जुन्या निरोधकांच्या जोडीला आता पॉलिमरचे निरोधक आले असून, त्यांत काचतंतू व इपॉक्सीच्या दांड्यावर सिलिकॉन रबराचे आवरण चढवलेले असते. असा निरोधक हलका असतो, दगड लागून फुटत नाही आणि पावसाचे पाणी अंगावर पसरू न देता थेंबाथेंबाने झटकून टाकतो.

त्याची खरी कसोटी पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत लागते. तारेवर कोसळलेल्या विजेचा प्रवाह हजारो अँपिअरचा असला तरी तो मायक्रोसेकंदांत मोजण्याइतक्या वेळात ओसरतो; निरोधकाला जाळते ती तिच्या मागोमाग येणारी प्रज्योत, म्हणजे लाइनमनच्या बोलीतला ‘आर्क’. विजेने हवा एकदा वाहक केली की फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या त्या वाहिनीचा, स्वतःचा प्रवाह त्याच वाटेने वाहू लागतो आणि उपकेंद्रातील ब्रेकर उघडेपर्यंत थांबत नाही. म्हणून 0.1 सेकंदात उघडणारा ब्रेकर आणि 0.5 सेकंद घेणारा ब्रेकर यांत, प्रवाह तोच असला तरी, निरोधकावर ओतल्या जाणाऱ्या उष्णतेचा फरक सुमारे पाचपट पडतो.

या उष्णतेपुढे सिलिकॉन रबर ज्या रीतीने टिकते ती रीत विलक्षण आहे. त्यात मिसळलेली ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या पुढे आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश पाणी वाफेच्या रूपाने सोडते आणि त्या बदलातच पुष्कळ उष्णता शोषून घेते. रबर जळाले तरी मागे मुख्यतः सिलिकाची पांढरी, वीज न वाहणारी राख उरते. आणि आतले हलके सिलिकॉन रेणू हळूहळू वर झिरपून पृष्ठभागाला पुन्हा पाणी झटकण्याचा गुण देतात. पण ही शिदोरी मोजकीच असते. ज्या थराने पाणी सोडले तो पुन्हा ते सोडू शकत नाही, त्यामुळे त्याच जागी येणारी पुढची प्रज्योत खालच्या थरापासून काम सुरू करते. उच्च विद्युतदाबाच्या एसएफ6 वायूच्या ब्रेकरमधील टेफ्लॉनच्या नळीचेही असेच होते: प्रत्येक मोठा प्रवाह तोडताना तिच्या गळ्याचा थोडा भाग वाफ होऊन जातो, गळा रुंदावतो आणि प्रज्योत विझवणाऱ्या वायूचा झोत दुबळा पडतो. तेथे मात्र ब्रेकरने किती वेळा किती प्रवाह तोडला याचा हिशेब ठेवता येतो.

खांबावरच्या निरोधकाचा असा हिशेब ठेवणे अवघड आहे. प्रज्योतीचे टोक बहुधा निरोधकाच्या टोकावरील धातूच्या टोपीजवळ रुतते, तिथले जस्त वितळते, रबर आणि टोपी यांच्यातील सांधा उघडतो, मग ओल दांड्यापर्यंत पोहोचते आणि काचतंतू एकेक करून तुटू लागतात. चिनी मातीचा निरोधक फुटला तर तो बहुधा खालून दिसतो. पॉलिमरचा दांडा आतून कुजला तरी बाहेरचे रबर धडधाकट दिसू शकते. पाणी फवारून पृष्ठभागाची परीक्षा घ्यायची तर वीज बंद करून खांबावर चढावे लागते, आणि पेरणीच्या तोंडावर किंवा ओलिताच्या वेळी ती बंद ठेवणे शेतकऱ्याला परवडत नाही. त्यातच फॉल्ट न शोधता फीडर पुन्हापुन्हा चालू करून पाहिला, तर प्रत्येक प्रयत्नागणिक त्याच जखमेवर नवी प्रज्योत पेटते.

बसवल्याचे वर्ष पाहून अशा निरोधकाचे वय ठरत नाही. ते त्याने सोसलेल्या प्रज्योतींच्या संख्येवर आणि अवधीवर ठरते. म्हणून फीडर किती वाजता ट्रिप झाला एवढ्यावर न थांबता, आर्क ज्या खांबावर झाला त्या खांबाचा क्रमांकही प्रत्येक वेळी नोंदवला जावा.